रेडिओवर भाकरी थापताना

मराठी पाककृतींमध्ये वेळ घड्याळावर क्वचितच मोजलेली असते. मोहरी तडतडली की हिंग घालायचा, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा, फोडणी चर्र करून वाजली पाहिजे, वडे तळताना आवाज बसत आला की झारा घालायचा. या सूचना इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्यांतली प्रत्येक सूचना कानाला दिलेली आहे, हे लक्षातही येत नाही. आणि रेडिओवरचा खाद्यपदार्थांचा कार्यक्रम म्हटलं की मात्र डोळ्यांसमोर येतो तो बंद स्टुडिओ, समोर कागद, आणि दोन वाट्या रवा, एक वाटी साखर, चवीपुरतं मीठ अशी यादी वाचणारा एक सौम्य आवाज. जे माध्यम फक्त कानावर चालतं त्याने स्वयंपाकातला कान बाजूला ठेवावा आणि कागदावर जास्त शोभणारं ते उचलावं, ही उलटी वाट आहे. रोजच्या जेवणावर रेडिओ कार्यक्रम करायचा असेल तर तो पाककृतीवर उभा करू नये, आवाजांवर उभा करावा. हे मत हौसेपोटी मांडलेलं नाही. रोजच्या जेवणात जे खरोखर महत्त्वाचं असतं, म्हणजे त्यामागचं काम आणि त्या कामाला लागणारा वेळ, ते पकडायला आवाजाइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

सणाचं जेवण आणि रोजचं जेवण यांत मोठा फरक आहे. पुरणपोळीचं ताट दिसायला सुंदर असतं; त्याचा फोटो निघतो, व्हिडिओ निघतो, लोक तो पाहतात. वरणभात, भाकरी-पिठलं, डब्यातली पोळी-भाजी यांचा फोटो कुणी काढत नाही, कारण ताटात त्यांचं वेगळेपण दिसत नाही. काल जशी पोळी होती तशीच आज असते. पण ती करण्यात रोज तेवढाच वेळ जातो, तेवढेच हात राबतात. मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितीत कणीक मळणं दोन सेकंदांत उरकतं, कारण पाहणाऱ्याला पुढचं चित्र हवं असतं. चित्र वेगाने पळवलं तरी आपण ते समजून घेतो. आवाज असा पळवता येत नाही. वेग वाढवला की तो चिरका होतो, किंवा यंत्राने सावरला तरी खोटा वाटतो. म्हणून आवाजाने काम दाखवायचं तर त्या कामाचा खरा वेळ द्यावा लागतो. अडचण म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट या विषयासाठी गुण ठरते.

ज्वारीच्या भाकरीचंच पाहू. पीठ चाळणीतून पडतं तेव्हा हलकी, कोरडी खसखस ऐकू येते आणि चाळणीच्या कडेवर हात आपटल्याचा ठेका. मग गरम पाणी. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे गोळ्याला ताण धरता येत नाही. गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि तेवढ्याच चिकटपणावर सगळी भाकरी उभी राहते. मळताना तळहाताच्या टाचेने पीठ पुढे रेटलं जातं, परात जमिनीवर किंचित सरकते, तिचाही आवाज येतो. खरी गंमत थापताना आहे. सुरुवातीला गोळा जाड असतो तेव्हा हाताचा आवाज जड, बसका, ओलसर येतो. भाकरी पसरत जाते तशी तळहात आणि परात यांच्यातली पिठाची गादी पातळ होते, धातू ऐकू यायला लागतो, आणि प्रत्येक थापेगणिक आवाज मोकळा, उंच होत जातो. स्टीलची परात असेल तर हा बदल झणझणीत ऐकू येतो. लाकडी काठवटीत तो मऊ असतो, पण असतोच. मध्येच ठेका थांबतो, कारण खाली पीठ भुरभुरायचं असतं किंवा कडेला गेलेली चीर बोटाने सांधायची असते. मग भाकरी तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, पाणी तव्याच्या कडेला लागून चुरचुरतं आणि विरतं. ते विरलं की उलटायची. एक भाकरी थापून तव्यावर जाईपर्यंत आणि भाजून उतरेपर्यंत दोन-अडीच मिनिटं सहज जातात. माझं म्हणणं असं की कार्यक्रमात एक तरी भाकरी या पूर्ण वेळासह, न कापता ऐकवावी. पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळच्या मिळून किती भाकऱ्या होतात, याचा हिशेब ऐकणारा आपला आपणच मांडेल. निवेदकाने कष्टांवर एकही विशेषण वापरायची गरज उरणार नाही.

अशा आवाजांत नुसतं वातावरण नसतं, माहितीही असते. तेलात मोहरी उडते कारण दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन टरफल फुटतं. ती तडतड म्हणजे तेल पुरेसं तापल्याची खूण. भजी तेलात सोडली की जो जोराचा आवाज येतो तो तेलाचा नसून पिठातल्या पाण्याचा असतो: पाणी १०० अंशांना उकळतं, तळणीचं तेल १७०-१८० अंशांवर असतं, म्हणून पाण्याची क्षणात वाफ होऊन बुडबुड्यांनी बाहेर पडते. पदार्थातलं पाणी कमी होत जातं तसा आवाज उतरतो, आणि अनुभवी माणूस पाठ वळवलेली असतानाही भजी झाल्याचं ओळखतो. कुकरच्या आत दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं. वजनाखालून जास्तीची वाफ निसटते ती शिट्टी. स्वयंपाकघरातली माणसं ही विद्या वापरतात, फक्त तिला विद्या म्हणत नाहीत. प्रयोगशाळेतही याला दुजोरा मिळाला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या चार्ल्स स्पेन्स यांनी मॅसिमिलियानो झाम्पिनी यांच्यासोबत केलेला २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग गाजला. बटाट्याचे काप खाणाऱ्यांच्या कानांना हेडफोन लावले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज बदलून त्यांना ऐकवला. आवाज मोठा केला किंवा त्यातले उंच सूर वाढवले की तेच काप जास्त कुरकुरीत आणि ताजे लागल्याचं त्यांनी सांगितलं. पुढे २०१३ मध्ये स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंही दाखवलं की भांड्यात ओतलं जाणारं पाणी गरम आहे की थंड, हे बहुतेक लोक नुसत्या ओतण्याच्या आवाजावरून सांगू शकतात. चव ही जिभेपुरती नसते. त्यामुळे रेडिओवर खाण्याला जागाच नाही, कारण तिथे दिसत नाही, वास येत नाही, चव येत नाही, हा पहिला आक्षेप मला अर्धाच पटतो. वास खरंच येत नाही. पण कान खाण्यात आधीपासून सामील आहेत. त्यांना बाहेरून आणावं लागत नाही.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे, आणि तो ध्वनिमुद्रण करणारेच घेतात. आवाज फसवतो. तळणीचा आवाज डोळे मिटून ऐकला तर तो पत्र्यावरच्या पावसासारखा वाटतो, टाळ्यांसारखाही वाटतो. तिन्हींत हजारो बारीक स्फोट एकमेकांत मिसळलेले असतात आणि कानाला त्यातून एक सलग सळसळ मिळते. नभोनाट्याच्या काळापासून ध्वनिपरिणाम करणारे लोक याच फसवणुकीवर जगले: कागद चुरगळून आग आणि नारळाच्या करवंट्यांनी घोड्यांच्या टापा. पॅरिसमध्ये पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये फ्रेंच रेडिओवर नोंदवलेल्या आवाजांच्या काही रचना सादर केल्या, त्यांतल्या एकीत पातेल्यांचे आवाज होते. ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडून संगीत रचण्याच्या एका नव्या पद्धतीची ती सुरुवात मानली जाते. पण शेफेर यांना हवं होतं ते असं, की ऐकणाऱ्याने पातेलं विसरावं आणि नुसता नाद ऐकावा. अन्नावरच्या कार्यक्रमाला नेमकं याच्या उलट हवं आहे. ऐकणाऱ्याला पातेलं कळलं पाहिजे, ते कुणाचं आहे हेही कळलं पाहिजे. म्हणून निवेदन लागतंच. आवाजांनी भरलेला कार्यक्रम म्हणजे शब्द कमी केलेला कार्यक्रम, असा गैरसमज आहे. त्यात शब्द मोजके असतात आणि ते नेमक्या जागी पडावे लागतात. ‘आता पुऱ्या तळल्या जात आहेत’ असं म्हणून मग तळणी ऐकवली तर ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. आधी आवाज पाच-सहा सेकंद मोकळा सोडावा, पाऊस का काय अशी शंका मनात येऊ द्यावी, आणि मग तळणाऱ्या बाईंच्याच तोंडचं एक वाक्य यावं: ‘तेल तापलं नाही अजून, बसली बघा खाली.’ कान त्याच क्षणी पाऊस सोडून कढईपाशी येतो, आणि शिवाय काहीतरी शिकतो. ही जागा साधणं हे या कामातलं खरं कसब आहे. ते साधलं नाही तर सगळा कार्यक्रम भांड्यांची आदळआपट वाटेल, हा इशारा मी मान्य करतो.

कसबाइतकाच प्रश्न वाटेचा आहे, म्हणजे आवाज कुठून निघून कुठे पोचतो याचा. मीडियम वेव्हवर साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे सूर पोचत नाहीत. मोहरीची तडतड, पापडाचा कुरकुर आवाज, चुरचुरणारं पाणी यांचा जीव त्याच वरच्या सुरांत असतो; मीडियम वेव्हवर मोहरी घशात काहीतरी अडकल्यासारखी वाजते. एफएमवर पंधरा किलोहर्ट्झपर्यंत वाव असतो, तिथे ती खणखणीत येते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरचं दुखणं याच्या विरुद्ध आहे: वरचं सगळं ऐकू येतं, पण खालचे खोल सूर गळून पडतात. उखळात मुसळ पडल्याचा दणका, भाकरीची पहिली जड थाप, पाट्यावर वरवंटा टेकल्याचा भार, हे तिथे हरवतं. म्हणून कार्यक्रम करणाऱ्याने आवाज निवडताना आणि मिसळताना तो एकदा साध्या फोनवर, एकदा जुन्या ट्रान्झिस्टरवर लावून पाहिला पाहिजे. ध्वनिमुद्रणाची बाकीची पथ्यं फार नाहीत. मायक्रोफोन परातीपासून वीतभर अंतरावर, पण वाफेच्या वाटेत नको, बाजूला. तळणीपाशी त्याहून लांब. कुकरची शिट्टी येणार असेल तर पातळी आधीच खाली घेऊन ठेवायची, नाहीतर ती फुटून वाजते आणि फुटलेला आवाज मागाहून जोडता येत नाही. आणि सगळं झाल्यावर, कुणी काही करत नसताना, त्या खोलीचा मिनिटभर नुसता आवाज घ्यायचा. त्या मिनिटाशिवाय संपादनातले सांधे झाकले जात नाहीत.

तिसरा आक्षेप उपयुक्ततेचा आहे आणि त्याला इतिहासाचं बळ आहे. भारतात रेडिओने लोकांना नेमकी, कोरडी, कामाची माहिती दिली आणि ती कामाला आली. १९६० च्या दशकात तंजावर भागात एडीटी-२७ हे भाताचं वाण रेडिओवरून इतकं पोचलं की शेतकरी त्याला रेडिओ तांदूळच म्हणू लागले. मग पाककृती, पोषणाची माहिती, भाज्यांचे भाव हे सोडून परातीचे आवाज कशाला ऐकवायचे? याचं उत्तर पुण्यातच सापडतं. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रवण मंडळांचा प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोक आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करत. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांत तसं झालं नाही. याचा अर्थ माहिती नुसती सांगून पोचत नाही, ऐकणाऱ्यांना बोलावंसं वाटलं की पोचते. ‘लोहासाठी पालेभाज्या खाव्यात’ या वाक्यावर कुणी काही बोलत नाही. पण तांदुळजा निवडताना देठ मोडल्याचा कटकट आवाज, ‘हे जून देठ टाकू नका, याची भाजी निराळी होते’ असं म्हणणारी कुणीतरी, आणि तिला तिथल्या तिथे खोडून काढणारी तिची जाऊ, हे ऐकलं की घरोघर वाद सुरू होतो. आणि पाककृतीच हवी असेल तर ती छापलेली बरी. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने घराघरांत पोचलं, कारण पुस्तकाचं पान उघडं ठेवून पुन्हा पुन्हा पाहता येतं. रेडिओवर सांगितलेलं माप लिहून घेईपर्यंत पुढचं माप येऊन जातं.

रेडिओवर अन्नाचा विषय गंभीरपणे हाताळणारे कार्यक्रम जगात झाले आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. बीबीसी रेडिओ ४ वर १९७९ पासून ‘द फूड प्रोग्राम’ चालू आहे. डेरेक कूपर यांनी तो सुरू केला तेव्हापासून त्याचा भर पाककृतीपेक्षा अन्न कोण पिकवतं, कोण बनवतं, त्यात काय मिसळतं यावर राहिला. अमेरिकेत ‘किचन सिस्टर्स’ या नावाने काम करणाऱ्या डेव्हिया नेल्सन आणि निकी सिल्वा यांची ‘हिडन किचन्स’ ही मालिका २००४ मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओवर आली. त्यांनी श्रोत्यांसाठी एक फोनची लाइन उघडली आणि विचारलं, तुमच्या गावात लपलेलं स्वयंपाकघर कुठलं? त्यातून जे आलं ते थक्क करणारं होतं: ज्यांना घर नाही किंवा घरात चूल पेटवायची परवानगी नाही अशी माणसं विजेवर चालणाऱ्या एका छोट्या ग्रिलवर रोजचं खाणं करतात, त्यांची गोष्ट. कुठल्याही पाककृती-कार्यक्रमात ती बसली नसती. आपल्या शेजारीच, तेलंगणातल्या झहीराबादजवळच्या माचनूर गावात, दलित शेतकरी स्त्रिया २००८ पासून ‘संघम रेडिओ’ चालवतात. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेशी जोडलेल्या त्यांच्या गावोगावच्या मंडळांनी ज्वारी, राळं, डाळी अशी कोरडवाहू पिकं आणि त्यांचं रोजचं अन्न टिकवून धरलं, आणि रेडिओ हा त्याच कामाचा भाग मानला. अन्न, ते पिकवणाऱ्या बाया आणि माइक धरणाऱ्या बाया तिथे एकच आहेत. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की बाहेरचा कुणी येऊन त्यांचे आवाज गोळा करत नाही.

आपल्याकडे मात्र असा विषय निघाला की लगेच जात्याकडे धाव घेतली जाते. गी पॉयत्वँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावागावांतल्या बायकांसोबत काम करून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमा केल्या; १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांचं ध्वनिमुद्रणही झालं, आणि आज ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर ते ऐकता येतं. हे प्रचंड मोलाचं काम आहे. कागदावरच्या ओवीत न दिसणारी गोष्ट तिथे कानाला कळते: ओळ कुठे लांबते आणि कुठे तुटते हे गाणारीचा श्वास ठरवतो, आणि तो श्वास दगडाच्या फेऱ्याने बांधलेला असतो. पण त्या ओव्यांचं दळण आता गिरणीत होतं. रोजच्या अन्नावरच्या कार्यक्रमात पार्श्वसंगीतासारखी जात्याची घरघर वापरायची, म्हणजे आज राबणाऱ्या माणसांना वगळून त्यांच्या आज्यांना बोलावणं झालं. आजचा आवाज पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा आहे, ‘बारीक दळा हो’ असं त्या गोंगाटावर ओरडून सांगण्याचा आहे. तो मिक्सरचा आहे, पहाटे साडेपाचला एकाच इमारतीत आगेमागे वाजणाऱ्या कुकरच्या शिट्ट्यांचा आहे, डब्याच्या कड्या लागल्याचा आहे, खानावळीत वाढप्याच्या बादलीवर पळी आपटल्याचा आहे, शाळेच्या पोषण आहाराच्या खिचडीसाठी रांगेत उभ्या पोरांच्या ताटल्यांचा आहे. मिक्सरचा आवाज कर्कश असतो हे खरं. तो कर्कशपणा ठेवावा. ज्या बाईला तो रोज ऐकावा लागतो तिच्यापेक्षा श्रोत्याचे कान नाजूक असण्याचं कारण नाही.

एक आक्षेप मात्र सहज बाजूला सारता येत नाही. स्वयंपाकघरातले आवाज गोड करून ऐकवले की बायकांच्या न संपणाऱ्या कामाचं कौतुक होतं आणि काम तसंच त्यांच्या गळ्यात राहतं. थापण्याचा ठेका, बांगड्यांची किणकिण, सगळं कसं सुरेख. पण ती भाकरी कोण थापतं आणि कोण आधी जेवतं, हा प्रश्न मागे पडतो. हा धोका खरा आहे, आणि त्यावर उपाय आवाज कमी करणं हा नाही. योग्य ठिकाणी जाऊन तो घेणं हा आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, आणि पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या अड्ड्यावर कोपीत, म्हणजे झोपडीत, संसार चालतो. तोडीला जाण्याआधी, अंधारातच, बाई उठून दिवसभराच्या भाकरी करते. मग नवऱ्याबरोबरीने ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि परत येऊन पुन्हा चूल पेटवते. या पहाटेचं चित्र घ्यायचं तर दिवे लावावे लागतील, आणि दिवे लावले की ती पहाट राहणार नाही. मायक्रोफोनला उजेड लागत नाही. काटक्या मोडल्याचा आवाज, फुंकणीतून गेलेला श्वास आणि त्यापाठचा खोकला, शेजारच्या कोपीतलीही तीच थाप, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, झोपेतून उठवलेल्या पोराची कुरकुर, आणि मध्येच ट्रॅक्टर आल्याची हाक. इथे भाकरीची थाप ऐकताना कुणाला ती सुरेख वाटली तरी हरकत नाही, कारण लगेच तिला विचारलेला साधा प्रश्न ऐकू येईल: या कामाची मजुरी कोयत्याच्या हिशेबात धरतात का? धरत नाहीत. टनावर पैसे मिळतात. भाकरी टनात मोजली जात नाही. हाच मायक्रोफोन पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतल्या घरी नेला, जिथे पोळ्या करायला येणाऱ्या बाई एका सकाळी चार घरं करतात, तर दर पोळीमागचा वेळ आणि दर महिन्याचा पगार यांचा हिशेब तिथेही मांडता येईल. आवाज पुरावा म्हणून वापरला की तो गोडवा फार वेळ टिकत नाही.

यासाठी पैसा आणि जागा कुठून येणार, हा प्रश्न पूर्वी होता तेवढा मोठा आता राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. पुढे शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू लागला. अशा केंद्राचं प्रक्षेपण साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात पोचतं आणि त्याने निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करावेत अशी अट असते. रोजच्या अन्नाच्या कार्यक्रमाला ही लहान कक्षाच सोयीची आहे. म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ जिथून बोलते त्या माण तालुक्यात बाजरी कशी दळली जाते, टँकर आला की हंडे कसे वाजतात, हे तिथल्या श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याला पुढच्या वस्तीवरचं वेगळेपण ऐकायचं असतं. चांगला फोन, कापडी आवरण घातलेला एक साधा मायक्रोफोन आणि संपादनाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर दहा मिनिटांचा भाग होतो. महाग आहे तो वेळ. दहा मिनिटांसाठी दोन-तीन तासांचं ध्वनिमुद्रण ऐकावं लागतं, आणि ते ऐकणारा माणूस पगारी असला पाहिजे. आकाशवाणीच्या केंद्रांकडे स्टुडिओ आहेत, ग्रंथालयं आहेत, शेतीविषयक कार्यक्रमांमुळे गावोगावी ओळखी आहेत. तिथे एखाद्या निर्मात्याला महिन्यातून चार दिवस स्टुडिओबाहेर काढलं तरी अशी मालिका उभी राहील.

ध्वनिमुद्रणाला होकार मिळवण्याची रीतही आधी ठरली पाहिजे, कारण स्वयंपाकघर ही घरातली सर्वांत आतली जागा आहे. आत मायक्रोफोन नेला की भांड्यांबरोबर सासूचं बोलणं येतं, डब्यात तेल किती उरलं ते येतं, काय शिजतंय आणि काय शिजवलं जात नाही तेही येतं. आपल्या समाजात कुणाच्या घरी काय शिजतं यावरून जात ओळखली जाते, घर भाड्याने नाकारलं जातं, डब्यावरून पोरांना शाळेत चिडवलं जातं. सुक्या बोंबलाचा किंवा वजडीचा वास रेडिओवर जात नाही, पण नाव जातं. तेव्हा कागदावर सही घेऊन काम भागत नाही. तयार झालेला भाग प्रसारणाआधी त्या घरी नेऊन ऐकवायचा. जे काढायला सांगतील ते काढायचं, नाव नको म्हटलं तर नाव घ्यायचं नाही, आणि नंतर मन बदललं तर पुनःप्रसारण थांबवायचं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून ज्यांचा खाडा पडला त्यांना मजुरी द्यायची, आणि तो खर्च निर्मितीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरायचा.